पत्रिकेत नसलेला रकाना

परवा एका शेतकरी मित्राने त्याची मृदा आरोग्य पत्रिका दाखवली. जस्त कमी, लोह ठीक, तांबं ठीक. त्याच्या बांधाला लागून कारखान्यांचा नाला वाहतो, म्हणून त्याने सरळ विचारलं, "भाऊ, यात विष किती ते कुठं लिहिलंय?"

कुठंच नाही. पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात. कॅडमियम, शिसं, आर्सेनिक त्यात नाहीत.

हाच प्रश्न जपानच्या तोयामा भागात विचारायला फार उशीर झाला होता. जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण. खाणीतलं कॅडमियम नदीत आणि नदीचं पाणी भातखाचरात. बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकला आला तरी बरगडी मोडायची. त्या "इताई, इताई" म्हणून कण्हायच्या, म्हणजे "दुखतंय, दुखतंय". आजाराला नावच ते पडलं. डॉ. नोबोरू हागिनो या तिथल्याच डॉक्टरने खाणीकडे बोट दाखवलं. सरकारने ते मान्य केलं १९६८ साली.

१९७० मध्ये शेतजमिनीच्या प्रदूषणाचा कायदा आला. त्यात गंमत बघा. तांब्यासाठी माती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून किती सुटतं ते मोजायचं. कॅडमियमसाठी मात्र माती नाहीच, थेट तांदूळ मोजायचा! तेव्हा मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम होती. कारण खाचरात पाणी साचलेलं असतं तोवर कॅडमियम गंधकाला घट्ट धरून बसतं. कापणीआधी पाणी काढलं की हवा शिरते, गाठ सुटते आणि ते मुळांत चढतं. माती तीच, कॅडमियम तेवढंच, पण तांदूळ वेगळा.

म्हणजे "एकूण किती" या आकड्यावर भागत नाही, ते कशाला चिकटलंय हे बघावं लागतं. १९७९ मध्ये कॅनडातल्या आंद्रे तेसिए आणि दोन सहकाऱ्यांनी नदीच्या गाळासाठी त्याची रीत बसवली. एकच नमुना, पाच धुण्या. आधी नुसतं मिठासारखं द्रावण, त्यात जे सुटेल ते सर्वांत धोक्याचं. मग चुनखडीला, लोह-मँगनीजच्या गंजाला, सेंद्रिय भागाला धरलेलं. शेवटी उरतं ते दगडाच्या पोटातलं, ते सहसा कुणाला त्रास देत नाही. (गंधकाला धरलेला भाग चौथ्या धुणीत, हायड्रोजन पेरॉक्साइडने सुटतो.)

जिन्झूकाठची ८६० हेक्टरच्या आसपास शेती दुरुस्त करायला, वर नवी माती घालायला, २०१२ उजाडलं.

आता आपल्याकडे या. पत्रिकेतलं जस्त 'डीटीपीए' नावाच्या द्रावणाने काढतात. तेही एकूण जस्त नसतं, पिकाला मिळेल तेवढंच. कॅडमियम हा जस्ताचा चुलतभाऊ, त्याच द्रावणात तोही सुटतो. मोजताना यंत्रात दुसरा दिवा लावायचा. आर्सेनिकला मात्र हे द्रावण चालत नाही, त्याची वेगळी तपासणी लागेल.

एका प्रयोगशाळेत हे विचारलं. उत्तर मिळालं, "फॉर्मॅटमध्ये रकाना नाही."

लेखी अर्ज दिलाय. उत्तर आलं की इथंच टाकतो. नाल्याकाठी ज्यांची जमीन आहे त्यांनी गट नंबर आणि पीक मला मेसेज करा, यादी अर्जाला जोडायची आहे.