रोधक आणि मंदक : एका रसायनाचा शब्देतिहास

बडोद्याच्या दक्षिणेस, मकरपुरा औद्योगिक वसाहतीनजीक वसलेल्या तरसालीत रसायनांची नावे कोणास नवी नाहीत. पॉलियुरेथेनचा ताठर फेस आणि त्यात मिसळली जाणारी ज्वालामंदके यांचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. कारण त्यात रसायनाइतकीच शब्दाचीही जबाबदारी आहे.

आगीचा वेग मंदावण्याचा प्रयत्न जुना आहे. १८२१ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्युसॅक याने नाट्यगृहांतील कापडासाठी अमोनियम फॉस्फेट व टाकणखार यांचे मिश्रण सुचविले. पुढे १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर व त्याचे सहकारी यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. त्याचा ताठर फेस बंद पोकळ्यांमुळे उष्णता उत्तम अडवितो. म्हणून शीतकपाटे, शीतगृहे व छपरे यांत तो रूढ झाला. परंतु तो जळतो, आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सोडतो. म्हणून त्यात ज्वालामंदके मिसळली जाऊ लागली. फॉस्फरसयुक्त द्रव्ये पृष्ठभागावर कोळशाचा थर धरवितात. क्लोरीन वा ब्रोमीनयुक्त द्रव्ये ज्वालेतील रासायनिक साखळी तोडतात. यांतून मिळते ती सवलत, अभय नव्हे.

येथेच शब्दाने घात केला. लहान नमुन्यांवरील चाचण्यांच्या बळावर अमेरिकेत असे फेस ‘न जळणारे’, ‘आपोआप विझणारे’ म्हणून विकले गेले. प्रत्यक्ष भिंती-छतांवर मात्र आग झपाट्याने पसरू शके. अखेर १९७३ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने या विशेषणांबद्दल उत्पादकांविरुद्ध व त्यांच्या संघटनेविरुद्ध कारवाई आरंभिली. तरीही धडा पुरता गिरविला गेला नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसे दगावली. आग पसरविण्यात मुख्य वाटा बाह्य आवरणातील पॉलिएथिलीनचा होता. आतील बहुतांश उष्णतारोधक फेस मात्र पॉलियुरेथेनच्याच कुळातला होता. तेथील साहित्याच्या उत्पादकांनी चाचण्या व विक्री यांत दिशाभूल केल्याचा ठपका २०२४ च्या चौकशी अहवालाने ठेवला.

बडोद्याला शब्दांचे मोल नव्याने सांगावयास नको. येथे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने व प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये कलाभवन उभे राहिले. १९३१ मध्ये ‘श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरु’ने राज्यकारभारातील शब्दांना अनेक भाषांत पर्याय दिले. त्या परंपरेत वाढलेल्यांनी ‘अग्निरोधक’ आणि ‘ज्वालामंदक’ यांतील अंतर विसरता कामा नये. रोधक म्हटले की मनुष्य निर्धास्त होतो. मंदक म्हटले की हाती आलेली थोडी मिनिटे बाहेर पडण्यासाठी आहेत, हे ध्यानी येते. दार मोकळे ठेवण्याचे काम मात्र कोणतेही रसायन करीत नाही. ते माणसालाच करावे लागते.