शेवाळ आणि शाकारणी

परवा गटाच्या बैठकीत छपरावरच्या शेवाळाचा विषय निघाला आणि आम्ही मागे जात जात पेठांतल्या वाड्यांपर्यंत पोचलो.

वाड्यांवर कौलं असत. आधी कुंभाराची, मग मंगळुरी. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, त्यातून ही चपटी कौलं सगळीकडे गेली. शेवाळ तेव्हाही धरायचंच, झाडाच्या सावलीत जास्त. ते पाणी धरून ठेवतं, मग खालच्या रिपा-वासे कुजतात. म्हणून पावसाआधी शाकारणी ठरलेली. कौलं उतरवायची, घासायची, फुटकी बदलून पुन्हा चढवायची. गड्यांचं काम होतं हो ते!

१२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठचे कितीतरी वाडे गेले. पुढे कुठे स्लॅब आले, आमच्या वस्त्यांत सिमेंटचे पत्रे. शाकारणी संपली. शेवाळ राहिलं, आणि ते काढणं आमच्या वाट्याला आलं.

पण जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. तारेच्या ब्रशने खरवडलं की त्याचे बारीक तंतू उडून फुप्फुसात बसतात. त्यातून होणारा कॅन्सर कित्येक वर्षांनी कळतो. शिवाय जुना पत्रा पाय देताच फुटतो. आमच्यातली एक जण अशीच खाली आली, मनगट मोडलं.

तेव्हापासून आम्ही पत्र्यावर चढत नाही, खरवडत नाही. पन्हळीतला पाला शिडीवरूनच काढतो. आणि सावली करणारी फांदी छाटायला महापालिकेकडे गटाचा अर्ज दिलाय.