देव मुक्कामाला येतात ती रात्र

आषाढीच्या आदल्या रात्री साबुदाणा भिजत पडतो, आणि उद्या उपास आहे हे घरातल्या लहानग्यालाही कळतं. पण उपास म्हणजे उपवास, आणि या शब्दात पोटाचा उल्लेखच नाही. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणं. कोणी, कोणाजवळ?

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला याचं उत्तर आहे. अमावास्या-पौर्णिमेची इष्टी, म्हणजे यज्ञ, करणारा यजमान आदल्या दिवशी व्रत घेतो. देवांना त्याच्या मनातलं कळतं आणि ते रात्रीच त्याच्या घरी मुक्कामाला येतात. ते जवळ राहतात म्हणून तो दिवस ‘उपवसथ’. आता पाहुणे जेवायचे असताना यजमानानं आधी ताटावर कसं बसावं? उपासाचं मूळ अशा घरगुती संकोचात आहे, हे मला फार हृद्य वाटतं.

लगेच वादही झाला. आषाढ सावयसाचं मत, काहीच खाऊ नये. याज्ञवल्क्य म्हणाले, उपाशी राहिलं तर ते पितरांचं व्रत होतं आणि जेवलं तर देवांच्या आधी जेवल्याचा दोष लागतो. म्हणून ज्याची आहुती पडत नाही ते खावं, म्हणजे रानातलं आणि झाडांची फळं. बर्कु वार्ष्णानं उडीद सुचवले होते, पण डाळ ही भाताला आणि सातूला जोड देते म्हणून तेही नाकारले गेले. उपासाला काय चालतं, हा आपल्या स्वयंपाकघरातला प्रश्न इतका जुना आहे!

बौद्धांच्या पालीत ‘उपवसथा’चा ‘उपोसथ’ झाला. यज्ञ गेला, तिथी राहिल्या. इतर पंथांचे परिव्राजक त्या तिथींना जमतात, तसं भिक्खूंनीही जमावं, असं मगधाच्या बिंबिसार राजानं बुद्धांना सुचवल्याचं विनयपिटक सांगतं. त्या दिवशी उपासक आठ शीलं घेतात. पाचवं मद्य न पिण्याचं, सहावं दुपारनंतर न जेवण्याचं. दोन्ही शेजारी आहेत हे योग्यच आहे. रिकामं पोट सावध ठेवतं, आणि दारू ती सावधानता पहिल्याच पेल्यात घालवते.

जैनांकडे हाच शब्द ‘पोसह’ झाला, सिंहली भाषेत ‘पोया’. श्रीलंकेत १९६६ ते १९७१ या काळात आठवड्याची सुट्टी रविवारी नसे, पोयाला असे. आता दर पौर्णिमेला सुट्टी असते आणि दारूची दुकानं बंद राहतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांसोबत लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारताना पंचशील घेतलं. त्यातलं पाचवं शील दारू न पिण्याचंच होतं.