घाटातली सायकल

श्रोतेहो, गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. चंदगडहून पारगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीपाशी मी एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात चढावरून चार सायकलस्वार धापा टाकीत आले. डोक्याला टोप, अंगात रंगीत सदरे, सायकलींचे टायर रुंद आणि खाचाखाचांचे, पुढच्या चिमट्यात धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा. पहाटे बेळगावहून निघाले होते. टपरीवरच्या एका आजोबांनी त्यांना न्याहाळून विचारलं, "एवढी म्हागाची सायकल घेऊन चढ चढायचा? एष्टी हाय की!"

त्यातला एक पोरगा हसून म्हणाला, "आजोबा, चढासाठीच तर आलोय."

सगळे हसले. मग आजोबा सांगू लागले. तरुणपणी कॅरियरला रताळ्यांचं पोतं बांधून ते बेळगावच्या बाजाराला जात. चढाला उतरून सायकल ढकलायची, उताराला पायानं चाक दाबून वेग आवरायचा, कारण ब्रेकचे रबर केव्हाच झिजून गेलेले. पोरांनी तोंडात बोटं घातली. त्यांच्या लेखी हा खेळ होता, आजोबांच्या लेखी तो धंदा होता. चढ मात्र तोच. तेव्हापासून डोंगर आणि सायकल यांचं नातं कसं जडलं, हे एकदा आपल्यापुढे मांडावं असं माझ्या मनात घोळत होतं.

सायकल ही मुळात सपाटीवरची वस्तू. दोन सारख्या चाकांची, साखळीनं मागचं चाक फिरवणारी सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास घडली, आणि १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर काढला. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच तिच्या शर्यतींनी युरोपला वेड लावलं. फ्रान्समध्ये 'लोटो' नावाचं क्रीडापत्र होतं. त्याचा खप वाढेना, म्हणून संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ साली देशाला वळसा घालणारी शर्यत काढली. तीच 'तूर द फ्रान्स'. तिचा जन्म वर्तमानपत्र खपावं म्हणून झाला, हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही. आपल्याकडे कितीतरी कुस्त्यांचे फड जत्रेला गर्दी व्हावी म्हणूनच भरले, पण त्यातून पैलवान काही खोटे निपजले नाहीत.

पहिली काही वर्षे ही शर्यत मोठे पर्वत टाळीत होती. १९१० साली तिला पिरेनीज पर्वतातून न्यायचं ठरलं. रस्ता पाहायला स्टेनेस नावाचा सहकारी आधी पाठवला. तूरमाले खिंडीत तो बर्फात अडकला, गाडी सोडून रात्री पायी भटकला, कसाबसा जिवानिशी वाचला. आणि दुसऱ्या दिवशी संपादकांना तार केली की रस्ता उत्तम आहे! ही खिंड २,११५ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही चांगली साडेचारशे मीटर वर. रस्ता धोंड्यांचा, सायकलीला आजच्यासारखे गिअर नाहीत. ऑक्ताव लापीझ हा खेळाडू काही ठिकाणी सायकल हातानं ढकलीत तिथून पार झाला आणि पुढच्या घाटात उभ्या असलेल्या आयोजकांना त्यानं तोंडावर खुनी म्हटलं. त्या वर्षीची शर्यत त्यानंच जिंकली. आयोजकांनी काय केलं? पुढच्या वर्षी आणखी उंच आल्प्स पर्वत घातला. लोकांना घाटच पाहायचा होता, हे त्यांनी ओळखलं होतं.

सपाटीवर पन्नास जण घोळक्यानं जातात, वाऱ्याला एकमेकांचा आडोसा घेतात. कोण किती पाण्यात आहे ते समजत नाही. चढाला तो आडोसा फारसा उपयोगी पडत नाही. तिथं माणूस, त्याचा दम आणि त्याचं यंत्र एवढंच उरतं.

यंत्राच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या खेड्यांतल्या लोहारांना ती विशेष रुचेल. एजेन क्रिस्तॉफ नावाचा खेळाडू होता, मूळचा कुलुपं घडवणारा कारागीर. १९१३ साली तूरमालेचा चढ चढून तो उताराला लागला, आणि त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा की दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, सायकल बदलायची नाही. पठ्ठ्यानं सायकल खांद्यावर टाकली आणि दहा किलोमीटरांहून जास्त वाट चालत खालच्या खेड्यात लोहाराचा भाता गाठला. लोहारानं नुसतं सांगायचं, हात लावायचा नाही. क्रिस्तॉफनं स्वतः लोखंड तापवलं, ऐरणीवर ठोकलं, चिमटा जोडला. काही तास गेले. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून भाता एका पोरानं हलवला. झालं! तेवढ्या मदतीबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला. शर्यत तर हातची गेलीच होती.

याला नियम म्हणावं की छळ, ते श्रोत्यांनीच ठरवावं. मला स्वतःला तो भाता हलवणारा पोर फार आवडतो.

पुढे महायुद्ध झालं. १९१९ साली शर्यत पुन्हा भरली आणि आघाडीवरच्याला पिवळा सदरा देण्याची रीत सुरू झाली. तो पहिला सदरा क्रिस्तॉफच्याच अंगावर चढला. शेवट दोन टप्प्यांवर आला होता, हाती जवळजवळ अर्ध्या तासाची आघाडी होती. आणि पुन्हा चिमटा मोडला! तो तिसरा आला. तूर द फ्रान्स त्यानं कधीच जिंकली नाही. पण वाचकांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली. तेरा हजारांहून अधिक फ्रँक जमले आणि देणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात छापली गेली. त्या वाचकांपैकी अनेकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नसेल. सायकलशर्यतीचा चाहता हा असा प्राणी आहे. दिवसभर रस्त्याकडेला बसावं, तर खेळाडू एका मिनिटात निघून जातात. उरलेली शर्यत त्याला दुसऱ्याच्या तोंडूनच कळते. १९२९ साली त्या शर्यतीचं वर्णन नभोवाणीवरून प्रथम ऐकू आलं आणि स्वयंपाकघरात बसलेल्या माणसालाही घाट दिसू लागला. आज चंदगडच्या पोराला तोच घाट मोबाइलवर दिसतो, एवढाच फरक.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात सायकल आली ती साहेबाबरोबर. रॅले, हंबर, बी.एस.ए. ही नावं आमच्या वडिलांच्या पिढीत घरोबा असल्यासारखी घेतली जात. मुंबईत या वाहनाचं वेड पारशी तरुणांनी जोपासलं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान असं करीत १९२८ च्या मार्चमध्ये त्यांपैकी तिघे पुरी फेरी करून परतले: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. वाटेत आल्प्सही ओलांडला. त्यांच्या सायकली घाटासाठी घडलेल्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवा.

महाराष्ट्राची म्हणून जी शर्यत आहे ती मुंबई-पुणे. स्वातंत्र्याच्या आधी, १९४० च्या दशकात ती सुरू झाली आणि मध्ये खंड पडत पडत चालत आली. अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास. पण खरी शर्यत असते खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतच्या बोरघाटात. १८३० साली गाड्यांसाठी खुला झालेला हा घाट. तिथं जो पहिला वर पोचतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. पुण्याला कोण पहिला आला हे विसरणारी माणसं घाटाचा राजा कोण झाला हे वर्षानुवर्षं सांगतात. कठड्यावर बसून भाकरी खात शर्यत पाहणाऱ्या त्या लोकांत आणि तूरमालेवर बसणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्यांत मला तरी अंतर दिसत नाही.

चंदगडकडे अशी मोठी शर्यत माझ्या पाहण्यात नाही. आमच्या लहानपणी सायकलीचा खेळ यायचा तो निराळाच. गावच्या मैदानात मधोमध बांबू रोवलेला, त्याला कर्णा बांधलेला, आणि त्याभोवती एक माणूस सलग काही दिवस सायकल फिरवीत राहणार; खाली पाय टेकायचा नाही. सायकलवरच आंघोळ, सायकलवरच जेवण, सदरा बदलायचा तोही सायकलवर. जमिनीवरचा रुमाल तो दातांनी उचलायचा तेव्हा बायाबापड्या "अगं बाई!" करायच्या. कुणी खुशीनं त्याच्या सदऱ्याला नोट टाचायचं. आम्हा पोरांना मात्र एकच संशय: रात्री सगळे झोपल्यावर हा गडी पाय टेकत असणार! म्हणून आम्ही चौघे-पाचजण घोंगडी घेऊन पहाऱ्याला बसलो. मध्यरात्रीनंतर कर्णा बंद झाला, थंडी पडली. तो फिरतच होता. पहाटे आम्हालाच झोप लागली. जागे झालो तेव्हाही तो फिरतच होता, आणि आमच्याकडे बघून त्यानं घंटी वाजवली. फ्रेंच अधिकारी लोहाराच्या भात्याशी जे करीत होते तेच आम्ही करीत होतो, पण आमच्या पंचांना झोप आवरली नाही.

आता त्या रुंद टायरच्या डोंगरी सायकलीबद्दल. पुष्कळांचा समज असा की ती कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात लाखो रुपये खर्चून जन्मली. हकीकत उलटी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला तामालपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी १९३०-४० सालच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून वेचल्या. वजन वीस किलोंच्या पुढं, एकच गिअर, पायडल उलटं दाबलं की मागच्या चाकाला लागणारा ब्रेक. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथल्या एका कच्च्या उतारावर शर्यत लावली. साधारण सव्वातीन किलोमीटरांत चारशे मीटरांची उतरण! खाली येईस्तोवर ब्रेक इतका तापे की आतल्या वंगणाचा धूर व्हायचा. दर फेरीनंतर चाक उघडून पुन्हा वंगण भरावं लागे, म्हणून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. पुढे कुणी मोटारसायकलीच्या ब्रेकच्या मुठी बसवल्या, कुणी गिअर जोडले. १९७७ साली जो ब्रीझ यानं खास या कामासाठी सांगाडा घडवला. १९९० साली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा झाली, १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये खेळ दाखल झाला. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत अवघी वीस वर्षं.

म्हणजे आजोबांची रताळ्याची सायकल आणि ही तामालपाइसची सायकल सख्ख्या बहिणी नसल्या तरी मावसबहिणी खासच. दोघी जड, दोघी जुन्या, दोघींचे ब्रेक बेभरवशाचे. त्यांनी उतारावर घड्याळ लावलं, आपण पोतं लादलं.

हे मी इतक्या तपशिलानं का सांगतो, त्याला कारण आहे. मी शिक्षक होतो. नववीतला एक मुलगा सहा किलोमीटर चढउतार करून सायकलीनं शाळेला येई. एक दिवस मला दिसलं की तो सायकल शाळेच्या अलीकडे काजूच्या बागेत ठेवतो आणि उरलेलं अंतर चालत येतो. विचारलं तर मान खाली. बाकीच्यांचे भाऊ मोटारसायकलवर सोडायला येतात, आणि याची सायकल चुलत्याची जुनी, मडगार्ड नसलेली. त्याला तिची लाज वाटत होती. त्या दिवशी मी त्याला काही बोललो नाही. क्रिस्तॉफची गोष्ट तेव्हा मला ठाऊक नव्हती, आणि घाटाच्या राजाची ठाऊक असूनही ती सांगण्याची ही वेळ आहे हे मला सुचलं नाही. दहावीनंतर तो गाव सोडून गेला. आजही काजूच्या बागेपाशी आलं की ती आडवी टाकलेली सायकल माझ्या डोळ्यांपुढे येते.

मधल्या काळात आपल्या माणसांनी बरंच करून दाखवलं. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीनं पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यातले श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकेकट्यानं पार पाडली. २०२६ च्या जानेवारीत तर पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर परदेशी संघ आले. चार मुख्य टप्पे मिळून ४३७ किलोमीटर. सह्याद्रीचे चढ आता त्यांच्याही पायांना माहीत झाले.

पालकांना आणि गुरुजनांना मात्र एक सांगून ठेवतो. तिलारीचा घाट पाहून पोरांना उतरायचा मोह होतो. त्याची उतरण फार तीव्र आणि वळणं आंधळी. ब्रेकचे रबर, तार आणि चाकाचे नट पाहिल्याशिवाय कुणालाही त्या उताराला लागू देऊ नका. चढताना सायकल मोडली तर फार तर चालावं लागेल, उतरताना मोडली तर सावरायला वेळच मिळत नाही.

असो. टपरीवरचा चहा संपला, चौघांनी बाटल्यांत पाणी भरून घेतलं. आजोबांनी त्यातल्या एका सायकलीचं मागचं चाक उचलून हातानं फिरवलं, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाले, "साखळीला तेल कमी हाय." पोरानं पिशवीतून कुपी काढून निमूटपणे तेल घातलं. मग ते निघाले. टपरीवाल्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा आपली मडगार्ड नसलेली सायकल घेऊन त्यांच्या मागे धावला, सीटवर न बसता, उभ्यानं पायडल मारीत. वळणापर्यंत गेला आणि घामाघूम होऊन परत आला.

"काय रे?" मी विचारलं.

"त्यातल्या एकाला मागं टाकलं गुरुजी," तो म्हणाला, "पर त्यो दमला हुता."

तेवढ्यात एस.टी. आली.