देवमासे व डॉल्फिन : प्रजनन आणि पिल्लांचे संगोपन

देवमासे, डॉल्फिन आणि पोरपॉइज हे सीटॅसिया गणातील सस्तन प्राणी आहेत. बांगडा किंवा तारली हजारोंनी अंडी पाण्यात सोडून मोकळी होते. या प्राण्यांची मादी मात्र एका वेळी एकच पिल्लू देते आणि पुढे महिनोन्‌महिने, कित्येक जातींत वर्षानुवर्षे, त्याच्यामागे राहते. जुळे क्वचितच होते.

नराची वृषणे शरीराच्या आत असतात. मागचे पाय नाहीसे झाले तरी कटीची दोन छोटी हाडे उरली आहेत. ती पाठीच्या कण्याला जोडलेली नसतात, पण जननेंद्रियाच्या स्नायूंना आधार देतात. समागम पोटाला पोट लावून होतो आणि काही सेकंदांत आटोपतो. बहुतेक जातींत मादी एकाहून अधिक नरांशी समागम करते, आणि पिल्लाच्या संगोपनात नराचा वाटा जवळपास नसतो.

गर्भकाळ साधारण 10 ते 12 महिन्यांचा. कोकणच्या किनाऱ्यालगत नेहमी दिसणारा हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन आणि महाकाय निळा देवमासा यांच्या गर्भकाळात फारसा फरक नाही, ही गोष्ट थक्क करणारी आहे. स्पर्म व्हेल 14 ते 16 महिने गाभण राहते. (ज्याच्या ‘उलटी’च्या तस्करीच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत येतात तो देवमासा हाच.)

प्रसूती पाण्यातच होते. डॉल्फिनमध्ये बहुधा शेपटी आधी बाहेर येते आणि डोके शेवटी. डोक्याकडून झालेले जन्मही पाहण्यात आले आहेत, तेव्हा त्याचा नियम करू नये. नाळ आपोआप तुटते आणि पिल्लू पहिल्या श्वासासाठी वर येते. अनेकदा आई त्याला खालून आधार देते. नवजात डॉल्फिनच्या पाठीवरचा पर लुळा असतो. गर्भाशयात दुमडून राहिल्याच्या फिकट आडव्या वळ्या अंगावर काही काळ दिसतात, आणि तोंडावर मोजके केसही असतात.

मादीचे आचळ बाहेर लोंबत नाहीत. जननछिद्राच्या दोन्ही बाजूंना असलेल्या चिरांत ते दडलेले असतात. पिल्लाने तेथे तोंड लावले की स्नायूंच्या दाबाने पान्हा थेट त्याच्या तोंडात उडतो. डॉल्फिनचे पिल्लू जिभेची पन्हळ करते. जिभेच्या कडांना झालरीसारखे उंचवटे असल्याने दूध सांडत नाही. श्वासासाठी सतत वर यावे लागत असल्याने पाजणे थोडा थोडा वेळ पण वारंवार चालते. जुन्नर-आंबेगावच्या दूध संकलन केंद्रांवर म्हशीच्या दुधाला 6-7 टक्के फॅट लागली की ते चांगले ठरते. निळ्या देवमाशाच्या दुधात ती 35 ते 50 टक्के असते. त्याचे पिल्लू जन्मतः सुमारे 7 मीटर लांब आणि 2 ते 3 टन वजनाचे असते, रोज 200 लिटरच्या आसपास दूध पिते आणि दिवसाला सुमारे 90 किलोने वाढते. हे आकडे दक्षिण गोलार्धातील थोराड देवमाशांचे आहेत. आपल्याकडचे चणीने लहान असतात. सहा-आठ महिन्यांत हे पिल्लू दूध सोडते.

दात असलेल्या जातींना एवढी घाई नसते. हंपबॅक डॉल्फिनचे पिल्लू दोन वर्षे, कधी त्याहूनही जास्त, अंगावर पिते आणि दोन वेतांत साधारण तीन वर्षांचे अंतर पडते. पिल्लू आईच्या कुशीला अगदी चिकटून पोहते, त्यामुळे तिच्या अंगालगतच्या प्रवाहात ते फारसे श्रम न करता पुढे ओढले जाते. याच काळात ते शिकार आणि हाका शिकते. स्पर्म व्हेलच्या कळपात आई खोल बुडी मारून भक्ष्य शोधत असताना दुसऱ्या माद्या पिल्लाजवळ थांबतात, क्वचित त्याला पाजतातही. किलर व्हेलच्या माद्या विण्याचे वय संपल्यावरही अनेक वर्षे जगतात, आणि अशी आजी असलेल्या कुटुंबात नातवंडे जगण्याची शक्यता वाढते.

हंपबॅक देवमासे इतरत्र थंड समुद्रात खातात आणि उष्ण समुद्रात वितात. अरबी समुद्रातील हंपबॅक मात्र इथेच खातात आणि इथेच वितात. असा हा जगातील एकमेव समूह आहे. 1966 मध्ये सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात 200 हून अधिक हंपबॅक बेकायदा मारले. त्यांतील माद्यांच्या पोटातील गर्भांच्या मापांवरूनच या समूहाचा विणीचा हंगाम उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालतो हे कळले. ज्ञान मिळण्याची ही रीत भयंकरच म्हणायची. ‘लुबान’ नावाच्या मादीला 2017 मध्ये ओमानजवळ उपग्रह-टॅग लावला होता. ती समुद्र ओलांडून दक्षिण भारताच्या किनाऱ्यापर्यंत येऊन परत गेली.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आईपासून तुटलेल्या पिल्लाचे काय होते ते नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला दिसले. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या पिल्लाला वाचवण्यासाठी ग्रामस्थ, वनविभाग आणि बचावपथके झटली, त्याला सलाइन लावले, खोल समुद्रात ओढून नेले. तरी ते पुन्हा किनाऱ्याकडे आले आणि मेले. दूधपित्या पिल्लाला नुसते पाणी पुरत नाही, आई लागते. डॉल्फिन आणि पोरपॉइज यांना मोठा धोका आहे तो मासेमारीच्या जाळ्यांचा. तीन वर्षांतून एकदा विणारी मादी जाळ्यात गेली, तर तिच्यामागे पिणारे पिल्लूही बहुधा जाते.