किंमत तुम्हीच ठरवा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा सुटल्यावर नववीतला एक मुलगा माझ्याभोवती घुटमळत राहिला आणि अखेर म्हणाला, "सर, तुमची कादंबरी वाचली." हे ऐकून कोणत्या लेखकाला आनंद होणार नाही? "विकत घेतलीस?" मी विचारले. "छे, सर! फोनवर आली. सगळ्यांकडे आहे." त्या कादंबरीच्या पाचशे प्रती निघाल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या अजून गठ्ठ्यांत बांधलेल्या होत्या. मुलाचा चेहरा मात्र इतका निर्मळ, की रागवावे तरी कोणावर?

माझा भाचा संगणकावरच्या खेळांच्या धंद्यात आहे. त्याला ही हकीकत सांगितली, तर तो हसला. "मामा, हे दुखणे आमच्याकडे फार जुने," म्हणाला, आणि त्याने मला दोघा अमेरिकन तरुणांची कथा ऐकवली. पुढे मी ती स्वतः मिळवून वाचली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अर्थशास्त्राचे पुस्तक कधी उघडलेले नाही. पण या कथेत अर्थशास्त्रापेक्षा माणूसच अधिक आहे, म्हणून ती सांगण्याचे धाडस करतो.

काइल गॅब्लर आणि रॉन कार्मेल यांनी मोठ्या कंपनीतील नोकऱ्या सोडल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉफीगृहांत बसून 'वर्ल्ड ऑफ गू' नावाचा खेळ रचला. चिकट गोळे एकमेकांना जोडून मनोरे आणि पूल उभारायचे, असा तो खेळ. ऑक्टोबर २००८ मध्ये तो बाजारात आला. किंमत २० डॉलर. नक्कल होऊ नये म्हणून खेळांना एक प्रकारचे कुलूप लावण्याची रीत असते. या दोघांनी ते लावले नाही. खेळणाऱ्याच्या मनोऱ्याची उंची त्यांच्याकडे नोंदली जाई. खेळ किती ठिकाणांहून खेळला जातो आणि प्रती किती विकल्या गेल्या, यांचा त्यांनी मेळ घातला, तेव्हा चोरट्या प्रतींचे प्रमाण प्रथम ९० टक्के दिसले. हिशेब सुधारल्यावर ते ८२ टक्के निघाले. मग कुलूप लावायला हवे होते काय? तर 'रिकोशे इन्फिनिटी' नावाच्या दुसऱ्या एका खेळाला कुलूप होते, आणि त्याचा जाहीर झालेला आकडा होता ९२ टक्के!

दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. या दोघांनी खेळाच्या पहिल्या वाढदिवशी, ऑक्टोबर २००९ मध्ये, सांगून टाकले, की किंमत तुम्हीच ठरवा. एक सेंट दिलात तरी चालेल. पहिल्या आठवड्यात सुमारे ५७,००० लोकांनी खेळ घेतला. त्यांतील सुमारे १७,००० जणांनी खरोखरच एक सेंट टेकवला. पैसे पोचते करणाऱ्या दलालाचा खर्चदेखील त्यातून निघण्यासारखा नव्हता. तरीही सरासरी पडली दोन डॉलरच्या किंचित वर, म्हणजे एका आठवड्यात लाखाहून अधिक डॉलर जमले. एवढी किंमत का दिलीत, असे गिऱ्हाइकांना विचारले, तर दोन उत्तरे सर्वांत जास्त आली. एक, सध्या एवढेच परवडते. आणि दुसरे, ही रीत आवडली, तिला हातभार लावावासा वाटला.

पुढच्या वर्षी, ४ मे २०१० रोजी, 'वुल्फायर' या छोट्या मंडळीने 'हंबल इंडी बंडल' काढले. 'वर्ल्ड ऑफ गू'सह पाच खेळांची एक मोट बांधली. कुलूप नाही, किंमत मनाजोगती. वर मुभा अशी, की दिलेल्या पैशांतले किती खेळ रचणाऱ्यांना आणि किती धर्मादाय संस्थांना जावेत, हेही देणाऱ्यानेच ठरवावे. किती जमले, सरासरी किती पडली, हे सर्वांना दिसेल असे मांडलेले. कीर्तनात आरतीचे ताट फिरते, तेव्हा शेजाऱ्याने काय टाकले हे आपण तिरक्या नजरेने पाहतोच की नाही? तसेच हे. सुमारे १,३८,००० लोकांनी साडेबारा लाखांहून अधिक डॉलर दिले. सरासरी नऊ डॉलरच्या वर गेली.

पण याच कथेत एक काटा आहे. एका सेंटला मिळणारी ही मोटसुद्धा पाव हिश्शाने चोरून उतरवली गेली असावी, असा वुल्फायरचाच अंदाज होता. पुढे डिसेंबर २०११ मध्ये 'स्टीम' या खेळांच्या दुकानाने बक्षिसांची सोडत लावली, तेव्हा काही महाभागांनी तिच्यात आपली नावे वाढवण्यासाठी सेंट-सेंट टाकून मोटी उचलल्या. अखेर स्टीमवर खेळ हवा असेल त्याच्यासाठी एक डॉलरची अट घालावी लागली. २०१७ मध्ये तर ती संस्थाही एका मोठ्या कंपनीने विकत घेतली.

तेव्हा विश्वास टाकला की सारे जग प्रामाणिक होते, असे मी म्हणणार नाही. ज्याला फुकटच हवे, तो सेंटही देत नाही. मला यातून उमगले ते एवढेच, की चोराला अडवण्यात सगळी शक्ती वेचणारा माणूस देऊ इच्छिणाऱ्यापुढे ताट धरायलाच विसरतो. त्या दोघांनी ताट धरले, आणि २० डॉलर न परवडणाऱ्याच्या दोन डॉलरांनाही त्यात जागा ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावले. "कादंबरी आवडली का?"

"आवडली, सर. शेवट नाही आवडला."

"मग किती द्यावेसे वाटतात?"

तो बराच वेळ विचारात पडला. "वीस रुपये, सर. पण आत्ता नाहीत."

हे बोलून मी वर्गात गेलो आणि टेबलावर पाहतो तो काय! एका कथेच्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा. पोरांना वाटण्यासाठी मीच काढून आणलेल्या, चाळीस. झेरॉक्सवाल्याला पैसे चुकते केले होते. कथा लिहिणाऱ्याला काही द्यावे, हे मात्र माझ्या मनातही आले नव्हते.

मुलाचे वीस रुपये अजून यायचे आहेत. मी तगादा लावलेला नाही. त्या कथालेखकाचा पत्ता हाती लागेपर्यंत तो लावण्याचा मला अधिकारही नाही.