नाथांचा हिंदू-तुर्क संवाद

१९५६ पर्यंत पैठण आपल्याच हैदराबाद राज्यात होते. आपल्यातली कितीतरी घराणी मराठवाड्यातूनच इथे आली. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड रचले. तुर्क दखनीत बोलतो, हिंदू मराठीत, आणि दोघेही हातचे राखत नाहीत. दगडाला देव कसा म्हणता, असे एक विचारतो. देव सगळीकडे आहे तर नमाजाला पश्चिमच का, असे दुसरा. पशुवधावरूनही जुंपते. आम्हाला मात्र खरा बोचतो तो तुर्काने सोवळ्या-ओवळ्यावर मारलेला टोला. नाथांनी तो गाळला नाही, की हिंदूला सोयीचा विजयही दिला नाही. शास्त्रे दोघांची वेगळीच राहतात. पण देवाघरी हिंदू-तुर्क असा भेद नाही, एवढ्यावर दोघे येतात आणि गळाभेट घेतात.

नाथांचे गुरू जनार्दनस्वामी मुसलमानी अमलात दौलताबादचे किल्लेदार होते. असे प्रश्न त्या घराला रोजचेच असणार.

आपल्या गणेशोत्सवात नाथांचा 'विंचू चावला' हौसेने होतो. हा संवाद रंगमंचावर पाहिल्याचे आम्हाला आठवत नाही. तुर्काच्या पात्रासाठी दखनी येणारा शोधावा लागणार नाही. आपली सगळीच मुले ती बोलतात.